‘मे महिन्यात नका जाऊ’ म्हणणारे टूरवाले: कोल्हापुरातून केनिया, दहा रात्री

राजारामपुरीतल्या एका गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर दोन टेबलांचं टूरचं ऑफिस आहे. नाव लिहीत नाही, कारण खाली कौतुकाबरोबर तक्रारही आहे. ती मी त्यांना समोर बसून सांगितली आहे आणि त्यांनी ती ऐकून घेतली आहे.

मी शाळेत भूगोल शिकवते, सव्वीस वर्षं झाली. आफ्रिकेचा नकाशा फळ्यावर न बघता काढते. विषुववृत्त कुठून जातं, खचदरी कुठून कुठवर, किलिमांजारो ५,८९५ मीटर, सगळं तोंडपाठ. प्रत्यक्ष बघितलेलं मात्र दाजीपूरचा गवा आणि तारकर्लीचा समुद्र. २०२४ च्या दिवाळीत आमच्या ह्यांनी उद्यमनगरातल्या वर्कशॉपचं शेवटचं कर्ज फेडलं, आणि त्याच रात्री लेक म्हणाली, "आई, आता तरी जा की तुझ्या आफ्रिकेला." मग मी कामाला लागले. जंगलही पाहिजे आणि समुद्रही पाहिजे, म्हणून केनिया ठरलं.

आधी दोन ठिकाणी विचारलं होतं. दोन्हीकडून अर्ध्या तासात व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. त्यातली एक मी जपून ठेवली आहे: सात रात्री, आणि त्यात अंबोसेली, नाकुरू, नैवाशा, मसाई मारा, त्सावो आणि शेवटी दियानीचा किनारा. कागदावर सगळं छान दिसतं. मी दोन्हीकडे एकच विचारलं, की हे मे महिन्यात जमेल का? दोन्हीकडून उत्तर आलं, "हो मॅडम, बाराही महिने चालतं."

राजारामपुरीतल्या गृहस्थांनी पीडीएफ दिली नाही. वही उघडली आणि मलाच विचारायला लागले. शाळेला सुट्टी कधीपासून कधीपर्यंत? साठीच्या वरचं कोण येणार? गाडी लागते का कुणाला? पासपोर्ट कधी संपतोय? खोली एक की दोन? आणि मग, "मॅडम, तुम्हाला तिकडं जाऊन नेमकं काय बघायचंय?" हे मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, मला मोकळं गवताळ मैदान बघायचंय, सॅव्हाना. जनावरं दिसली तर उत्तमच, पण ते मैदान.

"मग मे महिन्यात नका जाऊ," ते म्हणाले. "तिकडं मार्च ते मे मोठा पाऊस असतोय. रस्ते खराब, निम्मे कॅम्प बंद."

मला हे माहीत असायला हवं होतं, आणि होतंही. विषुववृत्ताजवळ पावसाचे दोन हंगाम, एक मार्च ते मे आणि दुसरा ऑक्टोबरच्या शेवटी ते डिसेंबर, हे मी दरवर्षी शिकवते. म्हणजे आपली उन्हाळी सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी, दोन्ही त्यांच्या पावसात सापडतात. महाराष्ट्रातल्या शाळेच्या माणसाला ही अडचण आहेच. त्यांनी कॅलेंडर काढलं. २०२५ ला शाळा १६ जूनला उघडणार होती. "१ जूनला निघा, १२ ला घरी या. पाऊस सरलेला असतोय, गवत हिरवं असतंय, आणि १ जुलैच्या आत आहे म्हणून माराचं, म्हणजे मसाई मारा अभयारण्याचं, प्रवेश शुल्क माणशी दिवसाला शंभर डॉलर. जुलैपासून दोनशे."

आणि लगेच पुढचं वाक्य, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे: "पण विल्डबीस्ट नावाच्या जनावरांचे लाखोंचे कळप नदी ओलांडतात ते जूनमध्ये मिळणार नाही. ते जुलै ते ऑक्टोबर. तेच बघायचं असेल तर ऑगस्टमध्ये रजा काढा, नाहीतर मनाची तयारी ठेवा. तिथं जाऊन मला शिव्या घालू नका."

धंद्यात बसलेला माणूस स्वतःच्या तोंडाने आपल्या मालातली उणीव सांगतो, तेव्हा मला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. आम्ही तिथंच ठरवलं.

मग माझ्या जवळची ती सात रात्रींची पीडीएफ त्यांनी हातात घेतली आणि पेनाने एकेक नाव खोडत गेले. अंबोसेली खोडलं, कारण मारापासून तिथे जायला आख्खा दिवस गाडीत. नाकुरू खोडलं, कारण तिथले फ्लेमिंगो आता बरेचसे बोगोरिया सरोवराकडे गेले आहेत. त्सावोचा मुक्काम खोडला, पण म्हणाले, त्सावो रेल्वेच्या खिडकीतून दिसेल. राहिलं ते असं: नैरोबीत एक रात्र, मारात तीन, नैवाशाला एक, परत नैरोबीत एक, आणि रेल्वेने मोंबासाला जाऊन दियानीत चार. लेकीला वाटलं, फारच कमी झालं. तिथे गेल्यावर ती तसं एकदाही म्हणाली नाही.

आता सासूबाईंचं. वय एकाहत्तर, तब्येत ठणठणीत, रोज पहाटे रंकाळ्याला फेरी. त्यांचं माहेर साठमारीजवळचं, म्हणजे जिथे पूर्वी हत्तींचे खेळ होत त्या मैदानाजवळचं. संस्थानच्या हत्तींच्या गोष्टी त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या. केनियाचं नाव काढलं तशा म्हणाल्या, "हत्ती बघायला मी बी येतो." आमच्या घरात सगळ्यांनी ते गृहीतच धरलं होतं.

ऑफिसात तो विषय निघाल्याबरोबर त्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. केनियाहून भारतात परत येताना पिवळ्या तापाची म्हणजे यलो फिव्हरची लस घेतल्याचं कार्ड लागतं. ते नसेल तर विमानतळावरून सरळ सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आणि साठीच्या पुढच्या माणसाला ही लस पहिल्यांदाच द्यायची तर धोका जास्त असतो. "आजींच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी त्यांचं तिकीट काढणार नाही. चौथ्या माणसाचे पैसे मला नकोत असं नाही, पण आधी डॉक्टर." आमच्या डॉक्टरांनी तपासून, विचार करून, नको म्हणून सांगितलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "फोटो नको आणूस मला. हत्तीचा आवाज आण."

ज्यांचं तिकीट आधी काढून मग लसीचं कळलं अशी दोन कुटुंबं मला नंतर भेटली. त्यामुळे कुठल्याही टूरवाल्याकडे आफ्रिकेसाठी गेलात तर लसीचा विषय पहिल्या भेटीत कोण काढतं, तुम्ही की तो, एवढं बघा.

आम्ही तिघांनी लस मुंबईत घेतली. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि अपॉइंटमेंट आधी घ्यावी लागते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालो, सकाळी उतरलो, लस टोचून त्याच दिवशी संध्याकाळी परत. पिवळं कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ढकलून चालत नाही. एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. कार्डावरचं नाव पासपोर्टातल्या स्पेलिंगप्रमाणेच आहे ना, हे त्या गृहस्थांनी फोटो मागवून तपासलं. लेकीच्या कार्डावर एक अक्षर चुकलं होतं. त्यांच्यामुळे ते वेळेत दुरुस्त झालं.

व्हिसा आता लागत नाही. २०२४ च्या जानेवारीपासून त्याऐवजी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. ती त्यांनी काढून दिली.

पैशाचं स्पष्ट लिहिते. तिघांचे मिळून ८ लाख ४० हजार झाले, त्यात मुंबई ते मुंबई विमान, राहणं, मारातलं जेवणखाण, गाडी, प्रवेश शुल्क सगळं आलं. वर तेव्हाच्या दराने ५ टक्के टीसीएस, म्हणजे ४२ हजार. हा टीसीएस म्हणजे तुमचाच आगाऊ भरलेला कर असतो, विवरणपत्र भरताना तो वळता होतो. आमच्या ह्यांना ते ठाऊक होतं म्हणून वाद झाला नाही, पण ऑफिसात माझ्यासमोर एक जोडपं त्याच्यावरून तावातावाने भांडत होतं.

माझं भांडण झालं ते गाडीवरून. त्यांनी कोटेशनमध्ये लँड क्रूझर धरली होती. दुसरीकडे व्हॅन होती, आणि फरक तिघांत मिळून साठ हजारांचा. मी म्हणाले, तिघांना कशाला एवढी मोठी गाडी? ते म्हणाले, "मॅडम, माराची माती काळी आहे. आपल्या पंचगंगेकाठासारखी. पाऊस नुकताच सरलेला असणार. व्हॅन रुतली की अर्धा दिवस गेला." मी साठ हजार वाचवायच्या विचारात होते, पण काळी माती म्हटल्यावर गप्प बसले. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. भिजलेली काळी माती ट्रॅक्टरच्या चाकाला कशी धरून बसते ते मी लहानपणापासून बघितलेलं आहे.

मारातल्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका ओढ्याजवळ एक पांढरी व्हॅन मागच्या चाकांपर्यंत रुतलेली दिसली. आत पाच माणसं, त्यात एक म्हातारं जोडपं. जंगलात खाली उतरता येत नाही, त्यामुळे सगळे काचेतून बघत बसलेले. आमच्या ड्रायव्हरने आधी दुर्बिणीने चहूकडे नजर फिरवली, मग खाली उतरून दोर बांधला. आमची गाडी पुढे सरकली, व्हॅनची चाकं जागच्या जागी फिरली, आणि चिखलाचा फवारा उडाला. तो वास! पहिल्या पावसात शेतात येतो तसा नाही, त्यापेक्षा आंबूस, गवत कुजल्याचा. चौथ्या झटक्याला व्हॅन निघाली. आतल्या म्हाताऱ्या बाईंनी दोन्ही हात जोडले. मला तिथंच राजारामपुरीला फोन लावावासा वाटला, पण रेंज नव्हती.

ड्रायव्हर नारोकचे, पन्नाशीचे, आणि त्यांच्यासारखा शिक्षक मला मिळाला असता तर मी प्राणिशास्त्र घेतलं असतं. पहिल्याच दिवशी त्यांनी लेकीला शब्द शिकवले: सिंबा म्हणजे सिंह, चुई बिबट्या, टेंबो हत्ती, ट्विगा जिराफ, डुमा म्हणजे चित्ता. रेडिओवर दुसरे ड्रायव्हर स्वाहिलीत बोलत, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘डुमा’ ऐकलं की लेक सीटवरून उठायची. त्या भाषेत आपल्याला ओळखीचं किती आहे! दुकानाला दुका, गाडीला गारी, रंगाला रांगी, औषधाला दावा, हिशेबाला हेसाबू. चाय आणि चपाती तर तशीच्या तशी. कांदा-टोमॅटोची कोशिंबीर ताटात आली, तिचं नाव काचुंबारी. हिंदी महासागराच्या दोन काठांवर शेकडो वर्षं गलबतं ये-जा करत होती, हे मी पुस्तकातून शिकवत होते. तिथं ते जेवणाच्या ताटात आलं.

चित्त्याविषयी मला थोडं जास्त लिहायचंय. कोल्हापूरच्या माणसाला चित्ता परका नाही. संस्थानच्या काळात इथे शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते, आणि विसाव्या शतकात आपल्याकडचे संपत आल्यावर ते आफ्रिकेतून आणले जात. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं. शाहूपुरीतल्या एका जुन्या घरात, माझ्या लहानपणी, गळ्यात पट्टा आणि डोळ्यांवर टोपी घातलेल्या चित्त्याचा फोटो भिंतीवर होता. मला तो नेहमी झोपलेला वाटायचा.

मारात तो वाळवीच्या वारुळावर बसलेला होता. आमच्यापासून वीस पावलांवर. डोळे पिवळे, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यापासून ओठापर्यंत काळी रेघ उतरलेली, काजळ ओघळावं तशी. तो आमच्याकडे बघत नव्हता, आमच्या पलीकडे कुठेतरी, मैलभर लांब चरणाऱ्या हरणांकडे बघत होता. पोट आत गेलेलं, श्वासागणिक बरगड्या हलताना दिसत होत्या. ड्रायव्हरनी इंजिन बंद केलं. वारा गवतातून गेला की गवत आधी पांढरं दिसे आणि मग पुन्हा हिरवं. चाळीस मिनिटं आम्ही तिघं एक शब्द बोललो नाही. तो उठला, ताणून आळस दिला, वारुळावरून उतरला आणि गवतात दोन ढांगांत दिसेनासा झाला. शिकार बघायला मिळाली नाही. मला ती नकोच होती. भिंतीवरच्या त्या फोटोतल्या चित्त्याची टोपी कुणीतरी काढली असं मला वाटत राहिलं.

बाकी जनावरांची यादी करत बसत नाही. सिंह दिसले, हत्ती भरपूर, गेंडा एकदा लांबून, बिबट्या नाही. नदी ओलांडणारे कळप नव्हते, तसं आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे हळहळही नव्हती. कॅम्पमध्ये आमच्या शेजारच्या तंबूत एक कुटुंब होतं, त्यांना जूनची सहल ‘मायग्रेशन’, म्हणजे कळपांचं हेच स्थलांतर, म्हणून विकली होती. त्यांचे तीन दिवस ड्रायव्हरशी भांडण्यात गेले.

थंडीबद्दल आम्हाला आधीच बजावलं होतं हे बरं झालं. आफ्रिका म्हणजे ऊन असं आपल्या डोक्यात असतं, पण नैरोबी पन्हाळ्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. जूनमधल्या पहाटे मारात उघड्या टपाच्या गाडीत स्वेटर, वर शाल, आणि तरी बोटं गार. प्लॅस्टिकबद्दलही तसंच. २०१७ पासून केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती कागदावरची नाही. त्या गृहस्थांनी निघायच्या आदल्या दिवशी फोन करून सांगितलं, "भडंग, चटणी काय न्यायचं ते न्या, पण कापडी पिशवीत नाहीतर डब्यात." कांदा-लसूण चटणी स्टीलच्या डब्यात गेली आणि मारातल्या उकडलेल्या अंड्यांना तिने तारलं. अर्धा डबा ड्रायव्हरना दिला.

नैवाशाहून परत येताना नैरोबीत हत्तीच्या अनाथ पिलांचं जे केंद्र आहे तिथे गेलो. लोकांसाठी ते रोज अकरा ते बारा एवढाच तास उघडं असतं आणि नाव आधी नोंदवावं लागतं. ही नोंदणी टूरवाल्यांनी सासूबाईंची गोष्ट लक्षात ठेवून, मी न सांगता केली होती. पिलं रांगेने धावत आली, दुधाच्या मोठाल्या बाटल्यांवर तुटून पडली. एक जरा मोठं पिल्लू बाटली संपल्यावर दुसरी मिळेना म्हणून ओरडलं. फोन माझ्या हातात चालूच होता. तो आवाज तुतारीसारखा सुरू होतो आणि शेवटी लहान मुलाच्या हुंदक्यासारखा तुटतो. घरी आल्यावर सासूबाईंनी तो फोन कानाला लावून ऐकला. पुन्हा लाव म्हणाल्या. तिसऱ्यांदा ऐकून म्हणाल्या, "भुकेजलंय गं लेकरू."

नैरोबी ते मोंबासा रेल्वे २०१७ साली सुरू झाली. स्टेशनात शिरायच्या आधी सगळ्या बॅगा जमिनीवर एका रांगेत ठेवतात आणि कुत्री हुंगत जातात, त्यामुळे लवकर पोचावं लागतं. त्सावोतून जाताना रूळ भरावावरून उंच गेलेले आहेत, जनावरांना जायला खाली वाट ठेवली आहे. खिडकीतून हत्ती दिसले, चक्क विटकरी रंगाचे. तिथली माती लाल, ती अंगावर उडवून घेतात म्हणून. याच भागातून शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इंग्रजांनी पहिली रेल्वे टाकली, ती बांधायला तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून नेले होते. अडीच हजारांच्या आसपास बांधकामाच्या काळात तिथेच मेले. लेकीला ते सांगितलं, तशी ती बराच वेळ बाहेर बघत राहिली.

इथपर्यंत मी त्या ऑफिसला पैकीच्या पैकी दिले असते.

दियानीला आम्ही ७ जूनच्या संध्याकाळी पोचलो. पांढरी वाळू, पिठासारखी बारीक, नारळाची झाडं, माडांवर काळी-पांढरी कोलोबस माकडं. या माकडांना रस्ता ओलांडता यावा म्हणून वरून दोरखंडाचे पूल बांधलेले आहेत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोहायला म्हणून उतरलो तर पाणीच नाही. समुद्र पार लांब, प्रवाळाच्या कट्ट्यापर्यंत मागे गेलेला, आणि अलीकडे डबकी, काळे दगड, आणि वाळूवर समुद्री शेवाळाचे ढीग. ढीग म्हणजे गुडघ्याएवढे. हॉटेलवाले घमेल्यांनी भरून नेत होते आणि तासाभरात नवीन येत होतं. लेकीचा चेहरा पडला. तिने या चार दिवसांसाठी कितीतरी महिने वाट बघितली होती.

मी वाळूवर बसून हिशेब केला. १० तारखेला वटपौर्णिमा. पौर्णिमा जवळ, म्हणजे उधाणाची भरती आणि तशीच खोल ओहोटी. तिथल्या एका मासेमाऱ्याला विचारलं तर त्याने वाळूवर बोटाने आकडे काढून दाखवले: या दिवसांत सकाळी नऊ-दहा-अकरा पाणी ओसरलेलं, दुपारी चारच्या पुढे भरलेलं. आमच्या कागदावर मात्र चारही दिवस ‘सकाळी समुद्रस्नान, दुपारी विश्रांती’ असं छापलेलं होतं. मारासाठी ज्या माणसाने मातीचा रंगसुद्धा विचारात घेतला, त्यानेच किनाऱ्याचं पान कुणाचं तरी तयार घेऊन जोडलं होतं. आम्ही वेळ उलटी केली, सकाळी ओहोटीत कट्ट्यापर्यंत चालत गेलो, डबक्यांत तारामासे आणि समुद्री काकड्या बघितल्या, पोहणं दुपारी चारनंतर. मग मजा आली. पण पहिला दिवस फुकट गेला, आणि माणशी तिथल्या एका दिवसाची किंमत किती पडते ते वरच्या आकड्यांवरून कुणालाही काढता येईल.

शिमोनीहून डॉल्फिन बघायला बोटीची सहल होती, पैसे आधी भरलेले. ती निघालीच नाही. जूनमध्ये दक्षिणेकडून कुसी नावाचा वारा वाहतो, समुद्र खवळलेला असतो, नावाड्याने दोन दिवस बोट काढायला नकार दिला. नावाडी बरोबर होता. पण हा वारा दरवर्षी याच महिन्यात येतो. नोव्हेंबर ते मार्चमध्ये कासकाझी असतो तेव्हा समुद्र शांत असतो, हे तिथल्या पोरालाही माहीत आहे. मग जूनच्या सहलीत ती बोट पैसे घेऊन घालायची कशाला? पैसे परत मिळाले, पण तीन आठवड्यांनी आणि चार फोन केल्यावर.

तरी त्या वाऱ्याबद्दल एक सांगते. हा कुसी म्हणजे आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे. ते आफ्रिकेच्या काठाने वर सरकतात, विषुववृत्त ओलांडलं की उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून आपल्याकडे येतात. नैर्ऋत्य मोसमी वारे ते हेच. शेवटच्या संध्याकाळी भरतीच्या पाण्यात कमरेएवढी उभी होते. वारा पाठीवर, इतका जोराचा की केस तोंडावर. ह्यांना म्हटलं, हा वारा इथून निघून गगनबावड्याला जाऊन पडतो. सव्वीस वर्षं फळ्यावर बाण काढला तो हा. ह्यांनी काही न बोलता माझा हात धरला. घरी फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, इथं सकाळपासून धो धो चाललंय.

मोंबासाच्या किल्ल्याला, फोर्ट जीझसला, अर्धा दिवस दिला. पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६ मध्ये बांधलेला. वसई बघितलेल्या माणसाला तिथे बरंच ओळखीचं वाटेल.

परत आल्यावर ऑफिसात गेले. आणखी एक तक्रार होती, ती पैशाची: शेवटचा हप्ता त्यांनी ज्या डॉलरच्या भावाने लावला तो त्या दिवशीच्या बँकेच्या भावापेक्षा दीड रुपयाने जास्त होता, आणि तसा लावणार हे आधी बोललं गेलं नव्हतं. त्यांनी मान्य केलं की लेखी द्यायला हवं होतं. फरक परत दिला नाही. हप्ता भरण्याआधी भाव कुठल्या दिवसाचा, कुठल्या बँकेचा, हे कागदावर घ्या, त्यांच्याकडे जा किंवा कुणाकडेही.

मग किनाऱ्याचं सांगितलं. शेवाळाचे फोटो दाखवले. ते बराच वेळ फोटो मोठे करून बघत राहिले. म्हणाले, "मॅडम, मी स्वतः मारात चार वेळा गेलोय. दियानीला एकदाच, ते बी जानेवारीत. तिथलं पान मोंबासाचा माणूस पाठवतोय, तेच मी लावतोय." खरं सांगितलं त्यांनी. मी त्यांच्याच वहीत अमावास्या-पौर्णिमा आणि अष्टमीचं, उधाण आणि भांगाचं, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीचं, गणित लिहून दिलं, आणि दोन वाऱ्यांचे महिने. त्यांनी चहा मागवला, वहीचं पान फाडून काचेखाली ठेवलं.

जंगलासाठी मी त्यांच्याकडे डोळे मिटून जाईन. समुद्रासाठी जायचं तर प्रत्येक ओळ विचारून घेईन.

मागच्या महिन्यात त्या गल्लीतून जाताना वर डोकावले. इचलकरंजीचं एक कुटुंब बसलं होतं, आजोबांना पहिला प्रश्न लसीचा चालला होता. टेबलावर त्यांचा कागद होता. दियानीच्या पानावर ‘सकाळी समुद्रस्नान’ खोडून त्यांनी पेनाने तिथी लिहिल्या होत्या.